गाईच्या तोंडात घातलेला हात

आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली, आणि ते मी ताठ मानेनं सांगते. पण निलंग्याकडच्या आमच्या गावात खरा मान होता तो अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हाताला. जनावराच्या नरड्यात आंब्याची कोय अडकली की लोक त्यांनाच बोलवायचे. ते कोपरापर्यंत हात घालून काढायचे.

त्या उन्हाळ्यात लातूरहून घरी आले, तर आमचीच गाय चारा सोडून उभी. लाळेच्या तारा लोंबत होत्या, हंबरणं घोगरं झालं होतं. अप्पांनी सकाळीच हात घालून बघितला होता. शेजारी राहणाऱ्या तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी, तिची जीभ धरली होती.

"काय निघालं?" मी विचारलं.

"काहीच न्हाई," अप्पा म्हणाले. "आत काही न्हाईच."

रेबीज झालेल्या जनावराचंही नरडं असंच काही अडकल्यासारखं दिसतं, हे मी शिकले होते. "हिला कुत्रं चावलं होतं का?"

अप्पांनी तिच्या नाकाकडं बघितलं. "मागं एक पिसाळलेलं आलतं गोठ्याकडं. नाकाला थोडं लागलं."

उसाच्या पाचटानं दोघांचेही हात कापलेले होते. म्हटलं, लाळ जखमेत गेली असंल, आत्ताच चला कुत्रं चावल्याच्या सुया घ्यायला.

तात्या हसले. "गाय चावली का आमाला? शिकून गाईला कुत्रं म्हनायलीस व्हय, माय?"

संध्याकाळी गाय मेली. सकाळी अप्पा मुकाट्यानं निलंग्याच्या एसटीत बसले. सगळ्या सुया त्यांनी घेतल्या.

तात्या काही आले नाहीत. कर्नाटकाच्या सीमेपलीकडच्या गावात कुणी झाडपाला देतो, तो पिऊन आले. मी बजावलं, हा रोग एकदा दिसला की औषध नाही, पाणी पुढं आलं तरी नरडं आवळतं. अप्पांनीही हात जोडले. तात्यांना उलट मस्करीच सापडली. रोज सकाळी मी अंगण झाडताना ते तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचे. "बघ गं डॉक्टरीणबाई, पितो का न्हाई?"

पेरण्यांच्या सुमाराला एका सकाळी त्यांनी तांब्या उचलला, ओठापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"तहान न्हाई," ते म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

अप्पा ओट्यावरून उतरले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.