पत्रिकांच्या पाठीवरचा शब्द

सकाळी एक लग्नपत्रिका आली आणि तिच्यावरच्या हळदीच्या वासानं मला धुळ्याचे आमचे इंग्रजीचे सर आठवले. जुन्या इंग्रजी नाटकांतला ‘अलारम’ हा एकच लष्करी शब्द ते तीस वर्षं वेचत होते. कुठे तो शस्त्र उचलायचा पुकारा असे, कुठे पडद्यामागचा लढाईचा गलबला, तर कुठे नुसती घाबरलेल्या छातीतली धडधड. प्रत्येक वापर ते जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर शाईनं टिपून ठेवत. ते निवृत्त झाल्यावर त्या पत्रिकांची दोन खोकी सरांनी आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन दिली. आठवड्यानं गेलो, तर खोकी रिकामी होती. म्हातारा शिपाई हात जोडून म्हणाला, “सर, सायेबनी रद्दीमा टाकाले सांगं व्हतं, पन बठ्ठ्या, एकूणएक पत्रिकास्वर गणपती व्हता. मी पांझरा नदीमा सोडी उनू.” सरांनी एवढंच विचारलं, “पाया पडून सोडल्या ना, नाना?” त्यानं मान हलवली. आम्ही तसेच नदीवर गेलो. पाणी घोट्याएवढंच होतं आणि पत्रिका गाळात रुतून बसल्या होत्या. सर वाकून एकेक उलटून पाहू लागले. छापलेले गणपती जसेच्या तसे होते, सरांची शाई तेवढी धुऊन गेली होती. दहा-बारा पाहून झाल्यावर त्यांनी हातातली पत्रिका हळूच परत पाण्यात ठेवली. त्यानंतर ‘अलारम’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आजच्या पत्रिकेची पाठही कोरी आहे. मघापासून पेन उघडून बसलो आहे, पण सरांनी टिपलेली एकही ओळ मला आठवत नाही.