मुद्दाम सरकवलेली ओळ

“चौकोन मोजा आधी, मग बोला.” कुठलंही अक्षर समोर आलं की मास्तर हेच म्हणायचे. दुकानाची पाटी असो, लग्नपत्रिका असो, एसटीवरची ‘अक्कलकोट’ ही पाटी असो. एक डोळा बारीक करून ते हवेत बोटाने चौकोन मोजू लागायचे. या मोजणीपायी आमची अक्कलकोटची गाडी दोनदा चुकली आहे.

सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मी कारकून होतो आणि ते नक्षी काढायचे. चादरीवर एखादं नाव किंवा ‘शुभ विवाह’ विणायचं असलं की ते आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढावं लागतं. ते काम मास्तरांचं. कागदावर एक चौकोन चुकला की तीच चूक प्रत्येक चादरीवर उमटत जाते. तुमच्या घरी नावाची जुनी चादर असेल तर काढून बघा. अक्षर सरळ, गुटगुटीत, पोटभर जेवून बसल्यासारखं असेल तर ते मास्तरांचं समजा.

माझ्या भाच्याने भुताचा सिनेमा काढला, ‘मागचं दार’. सगळं झालं, पण नावाचं अक्षर काही पटेना. कॉम्प्युटरवरचे सगळे फॉन्ट पालथे घालून झाले. एकातून रक्त गळायचं, दुसऱ्याला नखं फुटलेली. मी ते मास्तरांना दाखवले.

“हे काय सांडलंय हो?”

“रक्त आहे. भीती वाटावी म्हणून.”

“मला तर सॉसची जाहिरात वाटली की.”

भाचा वैतागला. “मग तुम्हीच काढा ना, मास्तर!”

मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, “भाऊसाहेब, पडद्यावर केवढं दिसंल?”

“घराएवढं.”

“आमचं अक्षर कायम चादरीच्या कडेला. लोक पायाकडं घेतात. एकदा तेवढं मोठं बघायचंय मला.” आणि लगेच बजावलं, “पण दय्यम बघणार न्हाई हां! अक्षर बघून मी बाहेर.”

दय्यम म्हणजे त्यांच्या तेलुगूत भूत. कारखान्यात लाईट गेली की मास्तर मोठ्याने भजन म्हणायचे, आणि लाईट आल्यावरही दोन कडवी जास्तच म्हणायचे.

त्यांनी काढून आणलेलं पहिलं अक्षर बघून भाचा म्हणाला, “मास्तर, हे बघून आहेर घेऊन जावंसं वाटतंय.”

मग मीच विचारलं, “मास्तर, अक्षरात तुम्हाला कशाची भीती वाटते?”

त्यांचा चेहरा उतरला. “एखादी ओळ सरकली तर...”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच गुटगुटीत अक्षर आणलं. फक्त अक्षरांच्या गळ्यापाशी चौकोनांची एक आख्खी ओळ एका चौकोनाने उजवीकडे सरकवली होती. आधी काही कळायचं नाही, मग नजर तिथंच अडकायची आणि जीव कसनुसा व्हायचा. भाच्याने कागद छातीशीच धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर रबर घेऊन आमच्या दारात. “झोप लागली न्हाई. तेवढी एक ओळ सरळ करून देतो की.” चौथ्या दिवशीही आले. “लोक काय म्हणतील? एवढं वय झालं, मास्तरला चौकोन मोजता येत न्हाई?” शेवटी मला तो कागद गव्हाच्या डब्यात लपवावा लागला.

सिनेमा लागला. मास्तर माझ्या शेजारी, डोक्यावरून टॉवेल घेऊन बसले. नाव आलं की मी कोपराने ढोसायचं, असं ठरलं होतं. मी ढोसलं. ते केवढ्याने किंचाळले! टॉवेल आणखी घट्ट गुंडाळून घेतला. पडद्यावर ‘मागचं दार’ लख्ख उभं होतं आणि ज्याने ते काढलं तो माणूस टॉवेलात. मला रडावं की हसावं कळेना.

थेटर चिडीचूप होतं. तेवढ्यात मागून एक बाई कुजबुजली, “अगं, ह्याच्यात कायतरी चुकलंय बघ.”

‘चुकलंय’ ऐकताच टॉवेल खाली आला. मास्तरांनी बघितलं. घराएवढं बघितलं. आणि ताडकन उठून, मागे वळून, सगळ्या थेटरला ओरडून सांगितलं, “चुकलं न्हाई हो! मुद्दाम केलंय! मुद्दाम!”

लोक इतके हसले, की त्या खेळात पुढे कुणी घाबरलंच नाही. भाच्याने कपाळाला हात लावला.

पण मास्तर मात्र अक्षर बघून बाहेर गेले नाहीत. खाली बसले, माझं मनगट पकडलं आणि शेवटपर्यंत थांबले. शेवटच्या पाट्यांमध्ये पुन्हा एकदा नाव येतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते आलं नाही. मास्तर वारले, त्यालाही आता वर्ष होईल. मला त्यांची फार आठवण येते. त्या दिवशी थेटरात दिवे लागले, लोक निघाले, झाडूवाल्या बाई आल्या, तरी ते पांढऱ्या पडद्याकडे बघत बसून होते.