शालिनीताईंच्या नावावरचा सर्व्हर

शालिनीताई गेल्याचं मला पलासियाच्या सिग्नलला कळलं. त्यांचे यजमान श्रीधरजी फोनवर एवढंच म्हणाले, "सकाळी गेली ती... ऑफिसात तुम्हीच सांगून द्या." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवत राहिले, आणि मी तसाच उभा.

आमच्या लॅबच्या डेटाबेसचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. पेशंटांचे जुने रिपोर्ट स्नेहलतागंजच्या शाखेतल्या मशीनवर असत, नवे आमच्या इथे, पलासियात. इथून तिथलं वाचायचं तर त्या मशीनचा पत्ता आमच्या डेटाबेसमध्ये नोंदवावा लागतो. त्या नोंदीला फॉरेन सर्व्हर म्हणतात, आणि जुन्या रिपोर्टांची सगळी टेबलं तिच्याच आधारानं चालतात. एकदा ते मशीन बदललं. नोंद पाडून, म्हणजे पुसून टाकून, नवी करू, असं मी सुचवलं. मी तेव्हा नवा होतो आणि नव्यांना पाडापाडीची फार हौस असते. ताई हसल्या. "अरे भिया, कुणी घर बदललं तर आपण त्याचा पत्ता बदलतो, की रिश्ताच तोडून टाकतो?" नोंद पाडली असती तर तिच्यावरची टेबलंही गेली असती. त्यांनी एका ओळीत फक्त पत्ता बदलला आणि सगळं जागच्या जागी राहिलं. फटकळ होत्या, पण शिकवताना कधी कुणाला लाज वाटू दिली नाही. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हाही आधी विचारलं ते जुने रिपोर्ट उघडतायत ना, हेच.

त्या गेल्यावर काही आठवड्यांनी वरून निरोप आला, की नियमाप्रमाणे त्यांचं लॉगिन काढून टाका. काढायला गेलो तर मशीन नाही म्हणालं. तो फॉरेन सर्व्हर त्यांच्या नावावर होता, आणि ज्याच्या नावावर काही आहे त्याला डेटाबेस काढू देत नाही. मला बरंच वाटलं. मालकी माझ्या नावावर करणं एका ओळीचं काम होतं, पण मी ते आज-उद्या करत ढकलत राहिलो. एवढ्यात श्रीधरजी ताईंची शाल न्यायला ऑफिसात आले. न राहवून मी त्यांना सगळं सांगितलं.

ते थोडा वेळ शालीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "करून टाका. लोकांचं काम अटकलं असतं ना, तर तीच तुमच्यावर चिडली असती."

ते गेल्यावर मी बसलो. कुठलीही ओळ मशीनला देण्याआधी ताई ती मोठ्यानं वाचून बघत. मीही वाचली. तिच्यात सर्व्हरचं नाव होतं, माझं होतं. जुन्या मालकाचं नाव त्या ओळीत लिहावंच लागत नाही... ओळ दिली. मशीनला कमिट, म्हणजे 'पक्कं कर', म्हणेपर्यंत असा बदल फक्त करणाऱ्याला दिसतो. माझ्या स्क्रीनवर मालक मी झालो होतो, बाकी सगळ्या ऑफिससाठी अजून शालिनीताईच होत्या. त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

बाहेर काउंटरवर कुणीतरी आईचा जुना रिपोर्ट मागत होतं. मी कमिट लिहिलं, आणि मग मला रडू आलं.