वॉल्टरच्या भिंतीवरचे दोन गडी

निघायच्या दिवशी बायकोनं माझ्या बॅगेत छोटा खलबत्ता कोंबला आणि बजावलं, "अहो, पोरगा तीन वर्षांनी भेटतोय. गेल्या गेल्या शिट्टी फुंकायला लागू नका." मी मिरजेच्या एका शाळेत जन्मभर पी.टी.चा मास्तर आणि कबड्डीचा प्रशिक्षक होतो. निवृत्त झालो, शिट्टी खुंटीला लागली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे तिला पक्कं ठाऊक. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती मागे राहिली आणि मी एकटाच फ्रांकफुर्टच्या विमानतळावर उतरलो.

हर्षद न्यायला आला होता. हनुवटी खरचटलेली, मान पूर्वीपेक्षा जाड. वाकून नमस्कार केला आणि उठताना क्षणभर माझा खांदा घट्ट धरला. मला वाटलं, प्रेमानं धरला असेल. मानहाइमला गाडी बदलली आणि पुढे जंगल सुरू झालं. दोन्ही बाजूंना काळपट झाडं, मधूनच एखादा बोगदा, पुन्हा झाडं. मे महिना होता, तरी आभाळ राखेच्या रंगाचं. कायझर्सलाउटर्नचं स्टेशन आलं तेव्हा पाऊस नव्हता आणि ऊनही नव्हतं, आणि पुढचे दहा दिवस साधारण तसेच गेले.

हर्षद इथल्या तांत्रिक विद्यापीठात धातूंना तडे कसे जातात यावर पीएच.डी. करतो, आणि उरलेल्या वेळात अमेरिकन फुटबॉल खेळतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचं मोठं स्टेडियम या गावात टेकडीवर आहे. पण हा खेळ तो नव्हे. गावाजवळ अमेरिकन सैनिकांची जुनी वस्ती आहे, त्यांच्याबरोबर हा खेळ इथे आला. शिरस्त्राण घालायचं, लांबट चेंडू काखेत धरायचा आणि समोरच्या अकरा धटिंगणांतून वाट काढत पुढे जायचं. चेंडू घेऊन पळणाऱ्या या गड्याला रनिंग बॅक म्हणतात. आपला चढाईपटूच म्हणा, फक्त दम घुमवायचा नाही. हर्षद हौशी संघाचा रनिंग बॅक होता, आणि मी परतायच्या तीन दिवस आधी, शनिवारी, त्याचा सामना होता.

दुसरा दिवस रविवार. थालीपीठाबरोबर लसणाची चटणी करावी म्हणून मी सकाळीच खलबत्ता काढला. दहा ठोके झाले असतील, दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचा उंच, पिकल्या केसांचा म्हातारा काठी टेकत जिना चढून आला होता.

"बाबा, आज रूहेटाग आहे," हर्षद कपाळाला हात लावत म्हणाला. रूहेटाग म्हणजे शांततेचा दिवस. रविवारी या देशात भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाहीत.

म्हातारा मात्र चिडलेला नव्हता. "तुम्ही काय कुटताय ते बघायला आलो," तो इंग्रजीत म्हणाला. "वास खालपर्यंत येतोय." हा वॉल्टर. तरुणपणी अमेरिकन सैन्यातून इथे आला, इथल्याच बाईशी लग्न करून राहिला. ती आता नाही. थालीपीठ त्यानं हातानं खाल्लं, चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागितली. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण खेळाची माणसं एकमेकांना कळतात. जाताना तो म्हणाला, "तुमचा मुलगा सुंदर पळतो. कुणाला सापडतच नाही. मी प्रत्येक सामना बघतो."

मंगळवारी हर्षद मला नगर कार्यालयात घेऊन गेला. व्हिसा वाढवायचे त्याचे कागद होते. खिडकीतली बाई भराभर बोलत होती आणि हा मान डोलावत होता, "जा, जा, गेनाऊ." म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली ती? "निम्मं नाही कळलं," तो हसला. "आम्ही सगळे हेच करतो, बाबा. जा, गेनाऊ म्हटलं की माणूस पुढे सरकतं. घरी येऊन कागद वाचायचा." बेकरीत, बसमध्ये, शेजाऱ्यांशी, सगळीकडे त्याचं तेच चालायचं. मी त्याला 'गेनाऊराव' म्हणायला लागलो.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं फोनवर स्वतःचे व्हिडिओ दाखवले. चेंडू घेतला की तो डावीकडे झुकायचा, समोरचा फसला की उजवीकडून निसटायचा. फारच अंगावर आलं कुणी, तर सरळ मैदानाच्या रेषेबाहेर पाऊल टाकायचा. तो माझ्याकडे बघत होता. सोळा वर्षांचा असताना त्याला मी शाळेच्या संघातून वगळलं होतं, साऱ्या मुलांसमोर. चकवून पळणं ही चढाई नव्हे, असं म्हणालो होतो. मास्तरचा पोरगा म्हणून घेतलं असं कुणी बोलू नये, हेही मनात होतं. आता चार चांगले शब्द बोलायची वेळ होती. मी म्हणालो, "छान आहे. पण मर्दासारखं सरळ घुसावं की एकदा. बाजूला काय पळायचं?"

त्यानं फोन उलटा ठेवला आणि भात वाढून घेतला.

गुरुवारी वॉल्टरनं मला कॉफीला बोलावलं. त्याच्या बोळात भिंतीवर दोनच फोटो होते, दोन तरुण काळे खेळाडू, दोघांच्या अंगावर एकच गणवेश. वॉल्टर आणि ते एका कॉलेजात होते. दोघेही रनिंग बॅक, आणि वॉल्टरचं काम त्यांच्या पुढे पळून वाट मोकळी करायचं.

"हा डेल," त्यानं काठीनं दाखवलं. "हा कधी वळला नाही. तीन माणसं अंगावर घेऊन पुढे पडायचा. आणि हा दुसरा, नाव रे. याला धक्का लागणं मंजूर नव्हतं. लोक याला भित्रा म्हणायचे. मीसुद्धा."

"मोठा कोण?"

"चाळीस वर्षं मी या गावातल्या दारूच्या गुत्त्यांत भांडलो की डेल. त्याच्या नंबरचा शर्ट कॉलेजनं काचेत लावलाय, तो नंबर पुन्हा कुणाला देत नाहीत. रेनं तिसऱ्याच वर्षी, एकदा डोक्याला लागल्यावर, खेळ सोडला. त्याचं नाव कुठेच नाही. सुतारकाम करतो. दर नाताळला पत्र येतं."

"आणि डेल?"

वॉल्टरनं कॉफी ढवळली. "पन्नाशीत बायकोला ओळखेनासा झाला. मग तिला मारायला लागला. शेवटी दाराची कडीसुद्धा त्याला उघडता येत नव्हती. गेला." कप बाजूला सारून म्हणाला, "एका सामन्यात मार लागल्यावर तो उठला आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. मी त्याचा हात धरून त्याला आमच्यात परत आणला. कोचला सांगितलं नाही. पुढच्याच डावात त्याच्या पुढे मी पळालो."

मला संपत आठवला. खरं तर त्याला मी विसरलोच कधी होतो? मिरजेजवळच्या बेडगचा पोरगा, माझ्या हाताखालून गेलेला सगळ्यांत मोठा चढाईपटू. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पकडीत त्याचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं. पुढच्या चढाईला त्याचा दम मधेच थांबला. श्वास संपला म्हणून नव्हे, शब्दच आठवेना म्हणून. लोक हसले. मी डोक्यावर पाणी ओतलं, गालावर दोन चापट्या मारल्या आणि विचारलं, "दम आहे ना?" तो म्हणाला, "हो सर, बरोबर." दिशा कुठली, गुण किती, काहीही विचारलं तरी, "हो सर, बरोबर." मी त्याला आज्ञाधारकपणा समजलो आणि परत पाठवला. करंडक आला. पुढे चार वर्षं तो असाच आपटत खेळला आणि तिशी गाठेपर्यंत आठवण जाऊन घरी बसला. शाळेच्या कार्यालयात त्याचा करंडकासह फोटो आहे, खाली प्रशिक्षक म्हणून माझं नाव. दहा वर्षांत मी त्याच्या घरी गेलेलो नाही.

हे वॉल्टरला मी सांगितलं नाही. वर आलो तेव्हा ठरवलं होतं की हर्षदला म्हणायचं, मंगळवारी बोललो ते विसर, तू पळतोस तसाच पळ. तो शूज पुसत बसला होता. बापानं शब्द मागे घ्यायची आमच्या घरात रीत नाही. मी विचारलं, "शनिवारी डब्याला काय करू?"

सामन्याचं मैदान गावाबाहेर, जंगलाला लागून होतं. प्रेक्षक दोनएकशे. शेगडीवर सॉसेज भाजत होते. मी मिठाचे खडे लावलेला पिळाचा पाव, ब्रेत्सेल, घेऊन दोरीजवळ वॉल्टरशेजारी उभा राहिलो. हर्षदला पहिला चेंडू मिळाला. समोर वाट बंद होती, डावीकडे मोकळं होतं. तो डावीकडे गेला नाही. मान खाली घालून सरळ घुसला. हाडावर हाड आपटल्याचा आवाज दोरीपर्यंत आला. उठला, आणि शिरस्त्राणाआडून त्यानं आधी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच, आणि या वेळी दोघांना अंगावर घेऊन तो शेवटच्या रेषेपल्याड पडला. गुण मिळाले. लोक ओरडले. मीही ओरडलो, खोटं कशाला सांगू? ऊर भरून आला होता.

"आज हा असा का पळतोय?" वॉल्टर म्हणाला. "हा असा पळत नाही कधी." मी ब्रेत्सेलचा तुकडा तोंडात घातला.

मध्यंतराच्या जरा आधी तो पडला आणि लगेच उठला नाही. मग उठला, चालत बाजूला आला आणि बाकावर बसला. सानिटेटर (प्रथमोपचाराचा स्वयंसेवक) त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून जर्मनमध्ये प्रश्न विचारायला लागला. वॉल्टर मला सांगत होता, "विचारतोय, आपण कुठे आहोत? गुण किती? शेवटचे गुण कुणी केले?"

"जा," हर्षद म्हणाला. "जा, जा, गेनाऊ."

सानिटेटरनं खांदे उडवले, कोचकडे वळून काहीतरी म्हणाला. वॉल्टरनं तेही सांगितलं: याची भाषा कच्ची आहे, बाकी ठीक दिसतोय. हर्षदनं शिरस्त्राण उचललं.

मी दोरी ओलांडली. कुणीतरी मला हटकलं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मराठीत विचारलं, "हर्षद, सकाळी काय खाल्लंस?"

तो माझ्याकडे बघून हसला. "हो बाबा, बरोबर."

मी शिरस्त्राण त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि छातीशी धरून बसलो. कोच समजावत होता, हर्षद ओढत होता, मी सोडलं नाही. शेवटी वॉल्टर काठी टेकत आत आला आणि त्यानं कोचला जर्मनमध्ये जे सुनावलं ते मला कळलं नाही, पण रुग्णवाहिका आली. सामना ते हरले.

इस्पितळात डॉक्टरणीनं एक लांबलचक शब्द सांगितला. त्याचा अर्थ मेंदूला बसलेला हादरा. आता हर्षद नीट बोलत होता. तिनं विचारलं, या आधी कधी? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, या हंगामात दोनदा, कुणाला सांगितलं नाही. विमानतळावर त्यानं तोल सावरायला धरलेला खांदा मला तेव्हा उमगला. या वर्षी मैदानात पाऊल टाकायचं नाही, ती म्हणाली. आणि पुढे विसरणं, चिडणं, झोप न येणं असं काही होईल का, या माझ्या प्रश्नाला तिनं स्वच्छ सांगितलं, आज कुणालाच सांगता येणार नाही.

रात्रभर मी त्याच्या खाटेशेजारी खुर्चीत होतो. पहाटे तो म्हणाला, "बाबा, तिथे तुम्ही मला खेळू दिलं नाही. इथेही नाही."

"मी मंगळवारी बोललो ते माझं चुकलं," मी म्हणालो.

"चार दिवस आधी सांगायचं होतं ना." त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

मंगळवारी मला स्टेशनवर वॉल्टरनं सोडलं. हर्षदला उजेडाचा त्रास होत होता. गाडी यायच्या आधी वॉल्टर म्हणाला, "तुम्ही दोरी ओलांडलीत. डेलच्या वेळी मी नाही ओलांडली." हर्षदला सरळ घुसायला कुणी सांगितलं होतं, ते मी तरीही वॉल्टरला सांगितलं नाही. जंगल उलट्या बाजूनं मागे गेलं. डेल मोठा की रे मोठा, हा प्रश्न मी आयुष्यभर पोरांना माझ्या पद्धतीनं सोडवून दिला होता, आणि उत्तर दर वेळी त्यांच्या डोक्यांनी दिलं होतं.

मिरजेला पोचल्यावर बायकोनं खलबत्ता बाहेर काढला, विचारलं, "बरा आहे ना पोरगा?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं खलबत्ता फळीवर ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बेडगला गेलो. संपत ओसरीवर खुर्चीत बसला होता, दाढी वाढलेली, पायात एकच चप्पल. त्याच्या बायकोनं मला पाट दिला, पाणी दिलं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"संपत, त्या दिवशी तुला परत पाठवायला नको होतं. माझं चुकलं."

तो माझ्याकडे बघून हसला. "हो सर, बरोबर."

माझ्या डोळ्यांना धार लागली. त्याची बायको तांब्या उचलताना थांबली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका, सर. ते सगळ्यांना असंच म्हणतात."