नवरीची माय

हसनाबादेत ज्वारीची सोंगणी चालली होती, तेव्हा गोजरबाईच्या डाव्या छातीत गाठ लागली. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. दोन महिने तिनं ती चोळीखाली लपवली. शेवटी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात छाती काढली आणि वर पंचवीस दिवस लाईट घ्यायला सांगितली. किरणांच्या मशीनला तिथले सगळे पेशंट लाईटच म्हणायचे.

नवरा कडूबा तीन दिवस थांबला. चौथ्या दिवशी धोतर झटकत म्हणाला, "रानात लई काम पडलंय. तुला आता बराबर माहीत झालंय सगळं." आणि गेला.

लाईटच्या खोलीबाहेर बाकावर सखूबाई बसायची. भोकरदनच्या पुढच्या धनगरवस्तीवरची, पन्नाशीची विधवा. मिसरीनं तोंडात कॅन्सर झालेला, अर्धा जबडा काढलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गोजरबाईनं मान फिरवली होती. सखूबाईला ते दिसलं, तरी ती सरकून जागा करत म्हणाली, "एकटीच आल्ती का? मी बी एकटीच हाये."

मग बावीस दिवस दोघी धर्मशाळेत एका सतरंजीवर निजल्या. गोजरबाईचा डावा हात वर व्हायचा नाही, तर सखूबाई तिची वेणी घालायची. सखूबाईला चावता यायचं नाही, तर गोजरबाई दुधात भाकर कुस्करून, पार लगदा करून भरवायची. घरातली माणसं गोजरबाईच्या जखमेकडं बघायचं टाळायची. सखूबाईनं ती पुसली, पट्टी बांधली, वर हसली.

"तुह्या पोरीच्या लग्नाला मला बोलीव बरं का."

"बोलावते. पहिल्या पंगतीला बसवते."

गावात परतल्यावर उन्हाळा लागला. शेवया करायला आळीतल्या बाया जमल्या. गोजरबाईच्या हाताच्या शेवया केसासारख्या बारीक, दरसाल तिला हाका मारून नेत. यंदा हाक आली नाही, म्हणून ती आपणच गेली. पीठ ओढायला हात पुढं केला, तशी मोठी जाऊ झुंबरबाई परात उचलत म्हणाली, "तू बस बाई, आराम कर. तुला जोर पडंल." आवाज मायेचा होता. परात मात्र पार दुसऱ्या टोकाला गेली. गोजरबाई तासभर नुसती बसली, कुणी तिच्याशी बोललं नाही, मग उठून घरी आली.

दोन वर्षांनी तिच्या पोरीचं, कौसल्याचं लग्न जमलं. पोरगी एकोणीस वर्षांची, स्थळ जाफराबादचं. थोरले दीर काकासाहेब ओसरीवर बसून म्हणाले, "रोगाचं नाव निघालं तर पोरगी घरातच राहील. तिची माय संधिवातानं उठत न्हाई म्हणून सांगितलंय. कन्यादान मी अन् झुंबर करू. लग्नाच्या दिवशी गोजरनं कोठीच्या खोलीत राहावं."

कडूबा मांडवाच्या खर्चाचं विचारू लागला. गोजरबाई "बरं" म्हणाली. पोरीसाठी तिनं याहून अवघडही कबूल केलं असतं. पण सखूबाईला निरोप तिनं आधीच धाडला होता. वचन दिलं होतं, आणि या घरात तिला कोणतंच वचन पाळता येत नव्हतं.

लग्न लागलं. अक्षता पडल्याचा गलका कोठीच्या खोलीत, धान्याच्या पोत्यांमध्ये बसून तिनं ऐकला. पंगती बसल्या आणि मांडवाच्या तोंडाशी तो ओळखीचा, बोबडा आवाज आला.

"नवरीची माय कुठंय? गोजरबाई? आम्ही दोघी संगं लाईटीला होतो औरंगाबादेत."

पदरानं अर्धं तोंड झाकलेली सखूबाई, हातात खण आणि तांदूळ. वरमाय जेवता जेवता थांबली. "कसली लाईट?"

कडूबा धावत गेला. "कोण तुम्ही? चुकून आल्या असाल. जल्दी निघा बाई, तुमचं लग्न दुसरीकडं असंल."

सखूबाई गोंधळली. "न्हाई, हसनाबादच म्हणली होती..." म्हणत मागं सरकू लागली.

खोलीत गोजरबाईला सगळं ऐकू येत होतं. गप बसली असती तर निभावलं असतं. तिनं कडी काढली.

"चुकली न्हाई ती. माह्या घरी आलीय."

सगळ्यांदेखत तिनं सखूबाईला पंगतीत बसवलं, शेजारी आपण बसली आणि वरणात पोळी कुस्करू लागली. दोन्ही बाजूंच्या बाया पत्रावळी सोडून उठल्या. सखूबाईनं चार घास खाल्ले. पाचवा तिला गिळवेना.

लग्न मोडलं नाही. अक्षता पडलेल्या होत्या. पण वरमायनं जाताना बजावलं, पोरगी माहेरी यायची नाही. कौसल्या जीपमध्ये बसायला निघाली, तेव्हा गोजरबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवायला पुढं केला. पोरगी मागं झाली.

"एक दिवस, आई. एक दिवस तुला गप बसता आलं न्हाई?"

सखूबाई पुढच्या आषाढात गेली. शेवटचे नऊ दिवस गोजरबाई वस्तीवर राहून तिच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडत होती. कौसल्याला मुलगा झाल्याचं तिला बाजारात कळलं. ती जीपनं जाफराबादला गेली, तर दाराशीच जावई म्हणाला, "लेकरू झोपलंय." बिलकुल हलला नाही दारातून. टोपडं-अंगडं त्याच्या हातात देऊन ती परतली.

आता गावात कुणाला गाठ लागली की मागच्या दारानं तिच्याकडं येतात. "कुणाला सांगू नका," हे पहिलं वाक्य. ती सांगत नाही. संगं जाते, कागद कुठं दाखवायचा, लाईटीला कोणतं लुगडं-झंपर बरं, कोणता डॉक्टर नीट बोलतो, सगळं तिला पाठ झालंय.

गेल्या मंगळवारी मास्तरांची पुष्पाबाई होती. कौसल्याच्या लग्नात पंगतीतून सगळ्यांत आधी उठलेली तीच. एसटीत चढल्यावर ती ओळख न दाखवता चार बाकडी पुढं जाऊन बसली. हसनाबादची शेवटची घरं मागं पडली, तशी उठली आणि दांड्याला धरत धरत येऊन गोजरबाईजवळ उभी राहिली.

"मला लई भ्या वाटून राह्यलंय बाई."

गोजरबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. लगेच सरकलीही नाही. बऱ्याच वेळानं खिडकीकडं सरकली.

"बस," म्हणाली.