कुंकवाची बारा बटणं

खंडेनवमीनंतरचा दुसरा रविवार. रक्कम तीनशे साठ रुपये, दुकानदाराकडे ओळखीवर उधार. हजर तिघे: थोरला भाऊ, वहिनी आणि मी.

व्हिडिओ गेमचं एक उभं कपाट, पडदा आणि बटणं असलेलं, मी दादासाठी घरी आणलं. तरुणपणी मंगळवार पेठेत त्याचं गेमचं दुकान होतं. दीड वर्षापूर्वी त्याची उजवी बाजू लुळी पडली. पाय सुधारला, बोटं मागे राहिली. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्यानं कधी दाबला नाही. गेमची बटणं मात्र रोज सकाळी अर्धा तास दाबायचा. दोन खेळाडूंची सहा-सहा, एकूण बारा. वायरी मी जोडल्या, म्हणून डागडुजीही माझ्याकडेच.

खंडेनवमीला अवजारांबरोबर कपाटाचीही पूजा केली. एकही सुटू नये म्हणून मोजून बाराही बटणांना ओलं कुंकू लावलं.

आठवड्याभरात दादानं खेळणं सोडलं. शुक्रवारी पाहिलं, चहाचा कपही डाव्या हातात.

"मधलं बोट गेलं रं," विचारल्यावर दादा म्हणाला. "दाबतोय, पण गडी उडी मारंना. झालं तेवढं बास."

शनिवारी मी बटणांखालचे बारा स्विच उधारीवर आणले. एक झिजला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे. रविवारी मशीन सुरू करून दादाच्या मधल्या बोटाखालचं उडीचं बटण मी माझ्या बोटानं दाबलं. पडद्यावरचा गडी जागचा हलला नाही.

"बोट न्हाय दादा, बटण गेलंय."

"मला बरं वाटावं म्हणून हळू दाबलंस."

मग मागची फळी काढून बसलो. प्रत्येक बटणाखाली एक बारका स्विच असतो, दाबलं की टक् वाजतं. उडीच्या बटणाचा वाजेना. त्याच्या फटीत लाल चिखल वाळून घट्ट बसला होता. चूक माझी होती, तसं सांगितलं.

"भावजी, ह्यांच्या बोटाला नजर लागली म्हणून मी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या की हो," वहिनी म्हणाल्या. "आणि हे तुमचं कुंकू व्हय!"

"आता बटणालाच ओवाळ," दादा म्हणाला.

प्रत्येक स्विचला दोन वायरी. काळी वायर सगळ्या बटणांतून फिरते, रंगीत ज्याची त्याची. काढा, पुसा, जोडा. बारा व्हायला अडीच तास लागले. पाठ ताठली, चष्मा घसरत राहिला, आणि आपण हे किती वर्षं करणार, असंही मनात आलं.

दादानं मधलं बोट ठेवलं. दोनदा काहीच नाही. आठवडाभर न वापरल्यानं बोट खरंच अशक्त झालं होतं. तिसऱ्यांदा टक् वाजलं. गडी उडाला.

"जड हाय," तो म्हणाला आणि पुन्हा दाबलं.

सोमवारी दुकानात तो हट्टानं बरोबर आला. तीनशे साठ रुपये दुकानदाराला दिले, दादाच्या उजव्या हातानं. एक नोट दोनदा खाली पडली.