भरदुपारची दवंडी

आंजीकडच्या त्या गावात पंचायतीच्या फळ्यावर काय लिहिलंय, हे कुणी बघत नसे. कवडू कोतवाल डफडं वाजवून ओरडला, की ते खरं. कापूसवेचणीच्या दिवसांत तो दवंडी द्यायचा ती दिवेलागणीला, बाया वावरातून परतल्यावर. बापाने घालून दिलेली रीत होती ती.

त्या दिवशी ग्रामसेवकाने त्याला भरदुपारीच बोलावलं.

"उद्या सकाळी ग्रामसभा आहे. आत्ताच दवंडी दे, मी पुराव्याला व्हिडिओ काढतो."

"साहेब, गावात आता कुत्रेच हायेत. सारे वेचाले गेले. विषय काय हाये सभेचा?"

"तुला काय करायचंय विषयाशी? ठोक डफडं!"

कवडूने ठोकलं. कुलूप लागलेल्या दारांसमोर ओरडताना त्याला स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली. व्हिडिओ झाल्यावर ग्रामसेवक फोनवर सरपंचाला म्हणाला, "झालं काम. उद्या गायरान खदानीला देऊन टाकू, आडवं यायला कोणी नसेल." हे कवडूच्या देखत! जणू तो माणूस नव्हताच, विजेचा खांब होता.

संध्याकाळी त्याची बायको रामबाई शेळ्या घेऊन गायरानातून आली. कवडूने दात-ओठ खात तिला सगळं सांगितलं.

"मंग मले काऊन सांगून राह्यले? गावाले सांगा ना! तोंड काय निस्तं जेवाले हाये?"

"नोकरी जाईन माही."

"अन् शेळ्या कोठी चारू? तुमच्या साहेबाच्या अंगणात?"

कवडू ताडकन उठला. डफड्यावर अशी थाप पडली, की अख्खी गल्ली दारात आली.

"आयका हो आयका! उद्या सकाळी ग्रामसभा हाये! गायरान खदानीले द्याचं ठरलं! दवंडी दुपारी देली, तुमी वावरात होते, अन् साहेबाले ते माईत होतं!"

"पिऊन आला काय बे, कवड्या?" शेजारच्या ओट्यावरून घनश्यामने विचारलं.

"नाई पेलो, घनश्यामभाऊ! दुपारी पेलो असतो त हे पाप तरी झालं नसतं!"

लोक जमले. तेवढ्यात कुणीतरी कळवलं असावं, ग्रामसेवकाचा फोन आला. कवडूने स्पीकर लावला.

"कोणाला विचारून ओरडतोयस रे? तहसीलमध्ये सांगून नोकरी घालवीन तुझी!"

"साहेब, जरा मोठ्यानं बोला. सारं गाव आयकून राह्यलं."

फोन कट झाला. कवडूने एक सणसणीत शिवी हासडली आणि डफडं बडवत तो पुढच्या गल्लीत शिरला.